समुद्राइतकं मीठ

शिळफाटा, खोपोली
१८ जानेवारी २०२६

लले,

हे पत्र वाचून झालं की गॅसवर धर आणि राख मोरीत सोड. दशरथला दाखवू नकोस, अक्षदाला तर मुळीच नको. तुझा मुलगा आणि सून चांगली माणसं आहेत, पण चांगल्या माणसांच्याच पोटात काही राहत नाही.

फोन का केला नाही म्हणशील. अगं, मला आता स्पीकर लावल्याशिवाय ऐकू येत नाही, आणि स्पीकर लावला की तू भिसेगावात शिंकलेलं आमच्या तिन्ही खोल्यांत ऐकू जातं. म्हणून कागद. माझा पुतण्या झहीर रोज टेंपोनं कर्जतला अंडी पोचवतो, तो तुझ्या दारात आणून देईल. उत्तरही त्याच्याच हाती पाठव.

आता ऐक. मला चव लागत नाही.

ऑगस्टात मी तापानं पडले होते, तू मोसंबी घेऊन आली होतीस, आठवतं? ताप गेला आणि जाताना चव घेऊन गेला. गोड, खारट, आंबट, सगळं एकच. वाससुद्धा नाही. सुफियानला न सांगता डॉक्टरकडे जाऊन आले. म्हणाले, येईलही परत, नाहीही येणार. माझा मुलगा असून त्याला सांगितलं नाही, सून तस्लीमला नाही, कुणाला नाही. हाताच्या सवयीनं रांधते. आजवर ताटावर कुणी एक शब्द काढलेला नाही, म्हणजे हात अजून शाबूत आहे.

पण रमजान तोंडावर आलाय. आमच्याकडे एका रविवारी सगळं खानदान इफ्तारीला असतं, मोहोपाड्याच्या नणंदेपासून खालापूरच्या चुलत दिरांपर्यंत. सासूबाई गेल्यापासून त्या दिवसाची बिर्याणी माझी. यंदा ती बिघडली तर नणंद सगळ्यांच्या देखत म्हणणार, ‘भाभी, आता बसा तुम्ही.’ आणि बाईला एकदा बसवलं की परत कुणी उठवत नाही. आमच्या मोठ्या जाऊबाईंना असंच बसवलं, त्या अजून दिवाणावर लसूण सोलतायत. मला लसूण सोलायचा नाही लले. मला पातेल्यापाशी उभं राहायचंय.

म्हणून मी डोकं चालवलंय. यंदा बिर्याणी नाही. पास्ता! बिर्याणीत चिमूटभर मीठ कमी पडलं तर शिळफाट्यापासून खालापूरपर्यंत कळतं. पास्त्यात काय कमी पडलं ते आमच्या खानदानात कुणाच्या बापाला कळणार आहे? जे मी करीन तोच खरा पास्ता. कशी आहे युक्ती?

तू त्या सुट्टीच्या बंगल्यावर मुंबईच्या पाहुण्यांना पास्ता करून घालतेस. मला शिकव. तू शेजारी होतीस तेव्हा रमजानात रोज दुपार कलली की यायचीस, आमचे सगळ्यांचे रोजे, म्हणून तू एक चमचा चाखून सांगायचीस, मीठ बरोबर आहे की नाही. आता तू नाहीस, निदान कागदावरून तरी शिकव.

आणि हो, तस्लीम. ती हल्ली माझ्या मागेमागे असते. मी नमाजाला वळले की ही पातेल्यापाशी. मला वाटतं तिला स्वयंपाकघर हवंय. बघते कशी घेते ते.

तुझी,
अख्तरुन्निसा

भिसेगाव, कर्जत
२२ जानेवारी

अख्तर,

राख केली, मोरीत सोडली. अक्षदानं विचारलं, “आई, काय जळतंय?” म्हटलं, “जुनी बिलं.”

तुझं वाचून आधी रडले. खोटं नाय बोलत. तुझ्या हातची बिर्याणी खाऊन मी तीस वर्षं काढली, आणि तुलाच तिची चव नाय म्हणजे काय हे? मग खाली तुझी युक्ती वाचली आणि इतकी हसले की पदर तोंडात कोंबला. झाकली मूठ सव्वा लाखाची, पण तू तर मुठीला इटालियन हातमोजा घातलास गं!

शिकवते. नीट वाच आणि मधेच शहाणपणा करू नकोस.

पास्ता म्हणजे गव्हाच्या नळ्या. पाकिटातल्या. बंगल्याच्या मॅडम नळीचा आणतात, तूही नळीचाच आण, त्याच्या पोटात रस्सा शिरतो. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी. भरपूर म्हणजे भरपूर, नळ्या पोहल्या पायजेत. पाण्याला खळखळून उकळी आली की मीठ. आणि हे मीठ बेताचं नाय. मॅडम म्हणतात पाणी समुद्रासारखं खारट पायजे, कारण नळ्या आत शिजताना तेवढंच मीठ पितात, नंतर वरून घालून काय उपयोग नाय. मग पास्ता टाकायचा आणि उभं राहायचं. फोन नाय, मालिका नाय. आठनऊ मिनिटांनी एक नळी काढून चावायची. मधोमध दाताला किंचित लागली पायजे. भातासारखी मऊ केलीस तर तोंड दाखवू नकोस.

रस्सा: टोमॅटो उकडून साल काढ, तेलात लसूण हलकाच परत, काळा नाय, टोमॅटो घाल आणि तासभर विसर. तू खिमाही घालशीलच, घाल. शेवटी तुळशीसारखी एक पानं असतात ती. माझ्या वृंदावनातली देणार नाय, सांगून ठेवते. पण बंगल्यावर त्याचं झुडूप हाय, मी नीट बघितलं, तो तुमचा सब्जा. ज्याचं बी तुमी सरबतात घालता तोच. त्याची पानं घाल.

तस्लीमचं म्हणशील तर मला ती पोर गरीब वाटली होती. पण गरीब गाय आणि पोटात पाय, असंही असतं. डोळे उघडे ठेव.

तुझी,
ललिता

शिळफाटा
१ फेब्रुवारी

लले,

पहिला पास्ता खीर झाला. मी अंगणात कुणीतरी हाक मारली म्हणून गेले, परत आले तर नळ्यांचे गोळे. सुफियाननं वाटीत घेऊन चमच्यानं खाल्ला. आईचा मुलगा आहे, काही बोलला नाही.

दुसरा जमला! नळी दातात धरली आणि लले, काय सांगू, मधे कट्कन लागली. पाच महिने माझ्या तोंडात कापूस चाललाय. भात कापूस, भाकरी कापूस, मटण म्हणजे ओला कापूस. आणि ही नळी दाताला अडली तर मला वाटलं, अरे, काहीतरी खातेय मी! एका बैठकीत वाटीभर संपवला. तुला हसू येईल, पण मला रडू आलं.

सब्जाचं तुझं ऐकून मी हबकले होते. अगं, सब्जा आम्ही कबरीवर लावतो. आमच्या ह्यांच्या कबरीवरचा चांगला डोलतोय. तिथून पानं खुडून आणू? विचारलं असतं तर म्हणाले असते, ने, पण मीठ बेतानं घाल. शेवटी झहीरनं रोपवाटिकेतून कुंडी आणून दिली, ती खिडकीत आहे.

बाकी चमचे आणि मापं मला शिकवू नकोस. तू समुद्र म्हणालीस, तेवढं पुरे. मी मुरुडची. लहानपणी दिवसातून दहादा समुद्र नाकातोंडात गेलाय. तो किती खारट असतो ते तुझ्यासारख्या खालापुरात वाढलेल्या बाईनं मला सांगायचं नाही. माझ्या मुठीला बरोबर माहीत आहे.

आता खरी गोष्ट. तस्लीमला मी पकडलंय. परवा पास्त्याचं पाणी उकळत ठेवलं, मीठ घातलं आणि नमाजाला गेले. परत आले तर पाण्याची उकळी बसलेली आणि पातेलं मी ठेवलं होतं त्याहून भरलेलं. काल पुन्हा तेच. म्हणजे ही माझ्या पाण्यात गार पाणी ओतते! पास्ता बिघडावा, अम्मींना जमत नाही असं दिसावं, आणि डाव हिच्या हातात जावा. मी काही बोलले नाही. ती खाली मान घालून कोथिंबीर निवडत होती. अशी चीड आली म्हणून सांगू!

अख्तर

भिसेगाव
६ फेब्रुवारी

अख्तर,

उकळत्या पास्त्याच्या पाण्यात गार पाणी? दुष्मनसुद्धा असं करत नाय गं! बंगल्यावर एकदा माळ्यानं केलं होतं, त्याला मी झारा घेऊन गेटपर्यंत सोडून आले.

मी सांगते तसं कर. इफ्तारीच्या दिवशी तिला सरबताला बसव, फळं कापायला बसव, कायपण कर, पण पातेल्यापाशी फिरकू देऊ नकोस. मीठ तुझ्या हाती, झाकण तुझ्या हाती. आणि घाबरू नकोस, मी येते. कुठला रविवार ते कळव. मी पहिल्यासारखी दुपारी येऊन चमचाभर चाखते आणि डोळ्यानं खूण करते. कुणाला कळायचं नाय. तुझ्या नणंदेलाही बघायचंय मला एकदा, फार ऐकून हाय.

खिमा पास्त्यात ढवळायचा तो वाढायच्या आधी, फार आधी नाय. नायतर नळ्या रस्सा पिऊन फुगतात आणि तुला परत खीर.

ललिता

शिळफाटा
२१ फेब्रुवारी

लले,

रोजे सुरू झाले. आणि मला एक गंमत कळली. या महिन्यात रांधताना कुणीच चाखत नाही! जिभेच्या टोकाला लावून थुंकायची मुभा आहे म्हणतात, पण आमच्या घरात तसं कुणी करत नाही. सगळ्या बाया नुसत्या अंदाजानं मीठ घालतात. म्हणजे लले, अख्ख्या शिळफाट्यात आज प्रत्येक चुलीपाशी माझ्यासारखीच एक बाई उभी आहे. सहा महिन्यांत मला पहिल्यांदा एकटं वाटलं नाही. सरळ मान वर करून रांधतेय.

रोजचं तळण मी तस्लीमवर सोडलंय. इफ्तारी ८ मार्चच्या रविवारी. तीस माणसं. खिमा सांगून ठेवला, टोमॅटो झहीर आणेल, पास्त्याची पाकिटं पलंगाखाली लावून ठेवलीत. नणंदेला कळलंय की यंदा बिर्याणी नाही. तिचा फोन आला होता. म्हणाली, “भाभी, नळ्या खाऊन कुणाचा रोजा सुटतो का?” मी म्हटलं, “तू ये तर खरी, ताट पुसून खाशील.” मला दिसतंय ते ताट.

काल तस्लीम जवळ आली. म्हणाली, “अम्मी, रविवारी मी तुमच्याबरोबर उभी राहू?” मी म्हटलं, “तू सरबत बघ.” तिचा चेहरा पडला. माझाही जीव थोडा हलला, पण तुझा सल्ला आठवला आणि मी घट्ट राहिले. तू ये म्हणजे झालं.

अख्तर

भिसेगाव
७ मार्च

अख्तर,

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. बंगल्याच्या पायरीवरून पाय घसरला, घोटा सुजून भोपळा झालाय. डॉक्टर म्हणतात, जमिनीला पाय लावायचा नाय. दशरथ गाडी काढायला तयार हाय पण अक्षदा म्हणते, आई, हाडाला काय झालं तर? बरोबर बोलते ती. मी उद्या येत नाय गं. मला फार वाईट वाटतंय.

पडून पडून डोक्यात एकच फिरतंय. ते गार पाणी. मी तेव्हा रागात लिहिलं. पण अख्तर, ज्याला पास्ता बिघडवायचाय तो मीठ वाढवेल, गॅस मोठा करेल, घड्याळ बघणार नाय. पाणी कोण वाढवतं? मला काय वाटतं ते लिहीत नाय, कारण तू रागावशील आणि मला समोर बसून तुझा राग घ्यायला आवडतो. एवढंच कर, उद्या तिला सरळ विचार. आणि अजान झाली की तिला एक चमचा चाखू दे.

पाय दुखतोय. थांबते.

ललिता

शिळफाटा
१० मार्च

लले,

घोटा कसा आहे ते आधी कळव. मग हे वाच, आणि हे जाळू नकोस. जाळायला आता काही उरलं नाही.

तुझी चिठ्ठी झहीरनं शनिवारी संध्याकाळीच दिली. वाचली आणि मला संताप आला. म्हटलं, ही पण तिच्या बाजूनं! ज्या बाईनं माळ्याला झारा घेऊन पळवला ती आता मला शिकवतेय. चिठ्ठी घडी करून ठेवली आणि ठरवलं, कुणाला विचारायचं नाही, कुणाला चाखू द्यायचं नाही.

रविवारी दुपारपासून उभी. रस्सा असा लाल झाला होता की सुफियान दारातून बघून गेला. दोन मोठी पातेली पाण्याची. मीठ मी मुठीनं घातलं. डोळे मिटले, मुरुडचा किनारा समोर आणला आणि घालत गेले, घालत गेले, तो समुद्र झाला असं हातानं सांगेपर्यंत. तस्लीम दोनदा आली. एकदा म्हणाली, “अम्मी, भांडी उचलून देऊ?” एकदा नुसती उभी राहिली. दोन्ही वेळा मी हाकललं.

अजान झाली, खजूर फिरले. पुरुष नमाजाला उभे राहिले तशी ती परत आत आली. म्हणाली, “अम्मी, एक चमचा द्या ना मला.” मी झाकणावर हात ठेवला आणि म्हटलं, “सगळ्यांबरोबर मिळेल.” लले, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, हावरी.

दस्तरखान पसरलं. मी स्वतः वाढलं. तीस ताटं, वर सब्जाची पानं. नणंदेनं पहिला घास घेतला. चुलत दिरांनी घेतला. आणि कुणी बोलेना. मी म्हटलं, भुकेले आहेत, बोलतील. मग हात सरबताकडे जायला लागले. दिवसभर पाण्याचा थेंब नाही पोटात, आणि वर माझा समुद्र! सरबताचा एक जग गेला, दुसरा गेला, तस्लीमनं तिसरा आणला, पास्ता ताटात तसाच. माझ्या वयाला, माझ्या नावाला मान म्हणून माणसं डोळ्यांत पाणी आणून चावत होती. आणि मला काहीच लागत नव्हतं. मी पण खात होते गं! मला दाताखाली छान कट्कन लागत होतं. मी विचारलं, “झालंय ना बरं?”

तेव्हा तस्लीम उभी राहिली. हातात तो रिकामा जग. नणंदेकडे बघून म्हणाली, “फुफी, माफ करा. अम्मींनी मीठ घातलं होतं ते मला कळलं नाही, मी परत घातलं. चूक माझी.”

नणंद लगेच सुरू. “तरीच! भाभींच्या हातून असं होणारच नाही. आजकालच्या मुली, लक्ष कुठं असतं कोण जाणे. सासूच्या आयुष्यभराच्या नावाला एका दिवसात काळं फासलंस.” आणि ती पोरगी मान खाली घालून ऐकत होती. मिठाच्या जवळसुद्धा आली नव्हती ती. मीच येऊ दिलं नव्हतं. तेव्हा माझ्या डोक्यात लख्खकन उजेड पडला. पाणी. पातेल्यातलं वाढलेलं पाणी. नमाजाला वळले की पातेल्यापाशी. आणि सहा महिने ताटावर कुणी एक शब्द काढला नाही, तो माझा हात शाबूत म्हणून नव्हे.

लले, मी गप्प बसू शकले असते. तुझी ती झाकली मूठ झाकलेलीच होती. माझं नाव वाचलं होतं, खापर दुसऱ्याच्या डोक्यावर फुटलं होतं. पण माझ्या घरात, माझ्या दस्तरखानावर, माझ्या सुनेला दुसरं कुणी बोलतं म्हणजे काय? मी हात आपटला. म्हटलं, “बस झालं! तिनं मिठाला हात लावलेला नाही. मीठ मी घातलं. मला ऑगस्टपासून चव नाही. साखर आणि मीठ आणून ठेवा समोर, दोन्ही पांढरी आहेत एवढंच सांगीन मी. आणि तस्लीम, परत माझ्यासाठी खोटं बोललीस तर याद राख.”

सुफियान तोंड उघडं टाकून बघतच राहिला. जाऊबाई रडायला लागल्या. आणि नणंदेनं बोलायचं तेच बोललं, शब्द न शब्द. “मग भाभी, आता बसा तुम्ही.”

 जे टाळायला एवढा खटाटोप केला तेच समोर येऊन उभं राहिलं. उत्तर तस्लीमनं दिलं. डोळे पुसून, अगदी शांतपणे. “फुफी, त्या बसल्या तर मला शिकवणार कोण? मला पास्ता येतो तो पाकिटातल्या मसाल्याचा. बिर्याणीचा थर मला अजून लावता येत नाही. चाखायला मी आहे ना.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “उठा अम्मी, तीस माणसं उपाशी आहेत.”

उठले! दोघी आत गेलो. पलंगाखाली शिल्लक होती तेवढी पाकिटं काढली, बिनमिठाच्या पाण्यात उकळली. खारट नळ्या काढून टाकल्या, रश्शात आणखी टोमॅटो आणि दूध पडलं. ती चाखत होती, मी नळ्या चावून बघत होते. मी म्हणायची, अजून एक मिनिट. ती म्हणायची, अजून एक टोमॅटो. जेवायला उशीर झाला पण ताटं पुसून गेली. नणंदेनं दोनदा घेतलं.

रात्री भांडी घासताना मी विचारलं, “माझ्या पाण्यात गार पाणी ओतायचीस?” म्हणाली, “गार नाही अम्मी. अर्धं ओतून द्यायचे आणि दुसऱ्या गॅसवर तापवलेलं घालायचे. उकळी बसायची तेवढी बसायची.” मी विचारलं, “कधीपासून माहीत होतं तुला?” म्हणाली, “ऑगस्टपासून. तुम्ही चहात दोनदा मीठ घातलं होतं.” मी म्हटलं, “मग बोलली का नाहीस?” तर म्हणते, “तुम्ही सांगितलं नाही, म्हणून मी विचारलं नाही.”

आणि मी तिला चोर समजत होते लले. तू पण. लाज वाटू दे जरा.

अख्तर

भिसेगाव
१३ मार्च

अख्तर,

वाटली लाज. पोटभर वाटली. पुढच्या वेळी तस्लीम समोर आली की मी तिचे हात धरणार हाय, तू मधे येऊ नकोस. गरीब गायीचं मी जे लिहिलं होतं ते जाळलंस ना? नसेल जाळलं तर आत्ता जाळ.

तुझं पत्र मी अक्षदाला वाचून दाखवलं. रागावू नकोस, तूच म्हणालीस जाळायला काय उरलं नाय. तिनं ऐकलं आणि उठून माझ्या घोट्याला तेल लावत बसली. मी तिला सात वर्षांत कधी विचारलं नाय की माझ्या आमटीत तू गुपचूप काय घालतेस. आज विचारलं. म्हणाली, “गूळ.” बघ आता!

एक मात्र तक्रार हाय. तीस वर्षं तुमच्या घरची मीठ चाखणारी मी होते. माझी नोकरी गेली म्हणायची.

आणि तो समुद्र माझा होता. मी आयुष्यात दोनदा बघितलाय, तोसुद्धा लांबून. मला वाटलं, खारट म्हणजे असेल आमटीइतका. पुढच्या वेळी चमच्यानं सांगेन आणि तू निमूट ऐकशील.

ईदला येते. पाय टेकवता येतोय.

ललिता

शिळफाटा
३० मार्च

लले,

ईदला तू आलीस, नणंदेच्या शेजारी बसलीस आणि दोघींनी मिळून माझ्याच चुका काढल्या. तुमची एवढी गट्टी होईल असं वाटलं असतं तर बोलावलंच नसतं. पण बिर्याणी कशी झाली होती ते तूच सांगितलंस, म्हणून विश्वास ठेवते. हात माझा होता, मीठ तस्लीमनं सांगितलेलं. आता घरात असंच चालतं. मी पातेल्यापाशी उभी, ती चमचा घेऊन शेजारी. भांडतो पण. ती तिखट जास्त सांगते असा माझा वहीम आहे, पण पुरावा नाही.

डॉक्टरकडे परत गेले होते, या वेळी सुफियान बरोबर होता. तेच म्हणाले. येईलही, नाहीही.

पण लिहायला बसले ते वेगळ्यासाठी. काल दुपारी घरात आम्ही दोघीच होतो. पास्ता केला, साधाच, टोमॅटो आणि लसणाचा. ताटं घेऊन बसलो आणि मला एकदम काय वाटलं कुणास ठाऊक. बिर्याणी खाते तेव्हा तोंडाला लागत नसली तरी मला ती आठवते. सार आठवतं, भाकरी आठवते. पास्ता आठवतच नाही, कारण चव होती तेव्हा मी तो कधी खाल्लाच नव्हता. एवढा शिकले, तीस माणसांना घातला, आणि तो लागतो कसा ते मला माहीत नाही. तसं मी तस्लीमला म्हटलं. हसत म्हटलं.

ती घास हातात धरून विचार करत बसली. मग म्हणाली, “पहिल्यांदा टोमॅटो येतो अम्मी. पण सारातला नाही. तुम्ही बोंबील करता ना, त्याचा तळाला लागलेला मसाला आपण खरवडून खातो, तसा. आंबट आणि खरपूस.” मी म्हटलं, “मग?” म्हणाली, “मग लसूण. पण टोचत नाही, शिजून गोडसर झालाय.” मी विचारलं, “आणि सब्जा?” त्याला तिला वेळ लागला. म्हणाली, “लवंग आणि बडीशेप एका डबीत राहिली आणि पुष्कळ दिवसांनी डबी उघडली, की येतं तसं. शेवटी येतं आणि राहतं.”

मी डोळे मिटून घास चावला. तळाचा मसाला आठवला, लसूण आठवला, डबी आठवली. पण तिन्ही वेगवेगळी राहिली, एकत्र येईनात. तिला कळलं असावं. म्हणाली, “परत सांगू?” तिचं ताट निवत होतं. मी म्हटलं, सांग, सावकाश सांग. तिनं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, मी पुन्हा घास घेतला. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा कुठे जमलं.

लले, मी पास्ता चांगला करते गं.

तुझी,
अख्तरुन्निसा